क्लॅरिथ्रोमायसिन आणि काक्कोन्तो एकाच पिशवीत आले, तर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. रविवारी रात्री अंग मोडून आलं, थंडी वाजून ३८.६ ताप. बुधवारी टोकियोच्या निशिकासाई भागातल्या एका क्लिनिकात गेलात. इन्फ्लूएन्झा आणि कोविड, दोन्ही तपासण्या निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले 'काझे', म्हणजे व्हायरल सर्दी-ताप. तरीही चिठ्ठीवर क्लॅरिथ्रोमायसिन २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा पाच दिवस, काक्कोन्तो या जडीबुटीच्या औषधाच्या पुड्या, ताप-दुखीवरचं लॉक्सोनिन आणि कफ पातळ करणारी गोळी. तुम्ही विचारताय की व्हायरलला अँटिबायोटिक कशाला, त्याच्याबरोबर काम्पो, म्हणजे काक्कोन्तोसारखं पारंपरिक जपानी औषध, चालतं का, आणि दोन्हींत अंतर किती ठेवायचं. शेवटी जाता जाता एक ओळ टाकली आहे: साताऱ्याहून आलेल्या आईला पण खोकला लागलाय, ती बीपीची गोळी घेते, ज्येष्ठमधाचा काढा सुरू आहे, तिला माझ्यातल्या दोन-चार पुड्या दिल्या तर?

मी टोकियोच्या पूर्व भागात, डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर औषधं देणाऱ्या फार्मसीत सोळा वर्षं काउंटरमागे उभी आहे. पुण्यात बी.फार्म. केलं, मग इथली भाषा, मग इथली परीक्षा. इतक्या वर्षांत एक शिकले: प्रश्नातली जाता जाता टाकलेली ओळच बहुधा खरी असते. तुमच्या आईंकडे येतेच, पण आधी तुमची पिशवी उघडू.

क्लॅरिथ्रोमायसिन आणि काक्कोन्तो एकत्र घेतल्याने तुमच्यासारख्या पस्तिशीतल्या धडधाकट माणसाला काही होण्याची शक्यता फार कमी आहे. दोन्ही एका दिवशी घेतलेले लोक मी रोज बघते. पण 'चालतं का' हा नंतरचा प्रश्न. आधी प्रत्येक पुडीला एकेकटीला विचारायचं: बाई, तू इथे कशासाठी आलीस? आपल्या लोकांच्या डोक्यात एक चित्र असतं, एका बाजूने ॲलोपथी आणि दुसऱ्या बाजूने जडीबुटी, मध्ये व्हायरसची कोंडी. तसं काही होत नाही. अँटिबायोटिक व्हायरसला हातही लावत नाही. काक्कोन्तोही व्हायरस मारायला देत नाहीत. ते ताप चढत असताना शरीर जे करू पाहतंय त्याला हात देण्यासाठी असतं. दोघांची कामं वेगळी, वेळा वेगळ्या. एकाचं काम नसेल तर दुसऱ्याच्या सोबतीने ते निर्माण होत नाही.

मग डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन का लिहिलं? दोन कारणं संभवतात. एक जरा सन्माननीय आहे. १९८० च्या दशकात इथे शोजी कुदो या डॉक्टरांनी फुप्फुसातल्या बारीक श्वासनलिकांच्या एका चिवट आजारात एरिथ्रोमायसिन अगदी कमी मात्रेत महिनोनमहिने देऊन पाहिलं. ज्या आजारात माणसं काही वर्षांत दगावायची, त्यात ती जगू लागली. औषध जंतू मारून नव्हे, तर दाह आणि कफ कमी करून काम करत होतं. तिथून ही पद्धत जुनाट सायनसच्या आजारात गेली, आणि या गटाच्या औषधांबद्दल इथल्या नाक-कान-घसावाल्यांच्या मनात एक हळवा कोपरा तयार झाला. पण ती महिन्यांची गोष्ट. चार दिवसांच्या सर्दीला ती लागू होत नाही.

दुसरं कारण म्हणजे 'नेन नो तामे'. जपानी माणूस हे शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारतो. आपल्याकडे 'असू दे हाताशी' म्हणतात तसं. पेशंटला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, न्यूमोनिया झालाच तर बोल नको, म्हणून नेन नो तामे एक अँटिबायोटिक. पूर्वी यात तोंडाने घ्यायच्या तिसऱ्या पिढीच्या सेफालोस्पोरिनचा सुकाळ होता. त्या आतड्यातून इतक्या कमी शोषल्या जातात की इथले संसर्गतज्ज्ञ त्यांना 'डी.यू.' औषधं म्हणतात. 'दाइताइ उन्ची', म्हणजे बहुतेक सगळं शौचातून बाहेर. विनोद त्यांचा आहे, माझा नाही.

२०१६ साली जपान सरकारने यावर आराखडा आणला: २०१३ च्या तुलनेत २०२० पर्यंत एकूण अँटिबायोटिकचा वापर एक तृतीयांशाने आणि तोंडाने घ्यायच्या सेफालोस्पोरिन, मॅक्रोलाइड, क्विनोलोन या तीन गटांचा निम्म्याने कमी करायचा. तुमचं क्लॅरिथ्रोमायसिन यातल्या मॅक्रोलाइड गटातलं. २०१८ पासून तर लहान मुलाच्या साध्या सर्दीत किंवा जुलाबात अँटिबायोटिक का देत नाही हे पालकांना नीट समजावून सांगितलं आणि दिलं नाही, तर बालरोगतज्ज्ञाला विम्यातून ८० गुण मिळतात, म्हणजे ८०० येन. औषध न देण्याचे पैसे! माझ्या सासूबाईंना हे सांगितलं तर त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

तुम्ही लिहिलंय की तिसऱ्या दिवसापासून शेंबूड पिवळा-हिरवा येतोय, म्हणजे बॅक्टेरिया असणारच. नाही. तो हिरवा रंग तुमच्याच पांढऱ्या पेशींतल्या एका एन्झाइमचा असतो. व्हायरल सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी असाच रंग येतो. रंगापेक्षा दिवस मोजा. दहा दिवस होऊनही जराही उतार नसेल, किंवा बरं वाटायला लागून मग पुन्हा ताप उसळला, गालाचं हाड एका बाजूने ठणकायला लागलं, तर सायनसमध्ये बॅक्टेरियाने घर केलंय का हे बघावं लागतं. घशावर पांढरे ठिपके, मानेच्या गाठी दुखऱ्या, खोकला मात्र नाही, असं असेल तर स्ट्रेप्टोकोकसची चाचणी. ती पॉझिटिव्ह आली तर अमॉक्सिसिलिन दहा दिवस, त्यात काटकसर नाही. आणि कोरडा खोकला आठवडाभर वाढतच चाललाय, तापही उतरत नाही, तर मायकोप्लाझ्मा या जीवाणूचा संशय. २०२४ मध्ये जपानभर त्याची मोठी साथ होती आणि तेव्हा मॅक्रोलाइड लिहिणारे डॉक्टर चुकत नव्हते. तुमच्या वर्णनात यातलं काही दिसत नाही.

अँटिबायोटिक 'घेतलं तर बिघडलं काय' याचं एक उत्तर अंगावर उमटलेलं मी पाहिलंय. वीस-बावीस वर्षांचा मुलगा, ताप, घसा, थकवा. घरच्यांनी भारतातून आणलेलं अमॉक्सिसिलिन सुरू केलं. चौथ्या दिवशी छातीपासून मांड्यांपर्यंत गोवरासारखं लाल पुरळ. एपस्टीन-बार व्हायरसचा ताप होता. त्या व्हायरसमध्ये अमॉक्सिसिलिन दिलं की असं पुरळ उठण्याची शक्यता बरीच वाढते. पुरळ गेलं, पण पुढे वर्षभर तो मुलगा प्रत्येक क्लिनिकात 'मला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे' सांगत फिरला, बहुधा विनाकारण.

तेव्हा तुम्ही करायचं एवढंच: क्लिनिकला फोन करा आणि विचारा, 'कोओसेइझाइ वा हित्सुयो देस का?' अँटिबायोटिकची गरज आहे का? उद्धटपणा वाटत नाही, सौम्य प्रश्न आहे. मी इथून 'बंद करा' म्हणणार नाही. तुमची छाती त्यांनी ऐकली आहे, मी नाही. त्यांनी 'घेतलं नाही तरी चालेल' म्हटलं तर निर्धास्त थांबा. 'कोर्स पूर्ण करा' हा नियम बॅक्टेरियाचा आजार असेल तेव्हाचा. नसलेल्या बॅक्टेरियाचा कोर्स पूर्ण करण्यात काही पुण्य नाही. आणि उरलेल्या गोळ्या डब्यात जपून ठेवू नका. घरोघरी सुटकेसमधून आलेल्या अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्यांच्या स्ट्रिप असतात, माहीत आहे मला. त्या स्ट्रिपवरची लाल रेघ नक्षीची नाही. २०१६ पासून भारत सरकार त्याच रेघेकडे बोट दाखवून सांगतंय, चिठ्ठीशिवाय घेऊ नका.

आता काम्पो. हा माझा आवडता भाग, थोडं सैल सोडा मला.

काम्पो म्हणजे 'हान लोकांची पद्धत', चीनमधून आलेली आणि जपानात शतकानुशतकं वेगळ्या वळणाने वाढलेली. हे नावही डच वैद्यक आल्यावर, त्यापासून वेगळं ओळखता यावं म्हणून पडलं. मेइजी काळात सरकारने डॉक्टरकीची परीक्षा पाश्चात्त्य वैद्यकाची केली, आणि काम्पोवाल्यांना वेगळा परवाना देण्याचं विधेयक १८९५ मध्ये संसदेत पडलं. त्यामुळे इथे आपल्यासारखे बी.ए.एम.एस. नाहीत. काम्पो लिहितो तो एम.बी.बी.एस.च्या तोडीचा डॉक्टरच, आणि १९७६ पासून काम्पोच्या पुड्या राष्ट्रीय विम्यात मोठ्या प्रमाणावर आल्या. आज १४८ योग, म्हणजे वनस्पतींची ठरलेली मिश्रणं, विम्यात आहेत. म्हणून एकाच चिठ्ठीवर क्लॅरिथ्रोमायसिन आणि काक्कोन्तो शेजारी शेजारी दिसतात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. त्सुमुरा कंपनीच्या पुडीवर जो मोठा आकडा असतो तो योगाचा क्रमांक. काक्कोन्तो १, माओतो २७, बाकुमोन्दोतो २९. आमच्याकडे आज्या नाव सांगत नाहीत, 'एकोणतीस नंबर द्या' म्हणतात.

काक्कोन्तो सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या 'शोकानरोन' या चिनी ग्रंथातलं. सात गोष्टी: कुड्झू वेलीचं मूळ, माओ, दालचिनी, पिओनीचं मूळ, ज्येष्ठमध, बोराच्या जातीचं वाळवलेलं फळ आणि आलं. आपल्या माणसाला यात अर्धं घर ओळखीचं वाटेल. कुड्झू ही आपल्या विदारीकंदाची चुलत बहीण. माओ म्हणजे एफेड्रा, जिच्या हिमालयातल्या बहिणीला आपल्याकडे सोमलता म्हणतात. या माओमधूनच नागायोशी नागाई यांनी १८८५ साली एफेड्रिन वेगळं काढलं.

ग्रंथात काक्कोन्तोची वेळ ठरलेली आहे: ताप नुकताच चढतोय, थंडी वाजतेय, मान-खांदे आखडलेत आणि घाम अजिबात नाही. हा 'घाम नाही' सगळ्यात महत्त्वाचा. पुडी कपभर गरम पाण्यात विरघळवून घोटघोट प्यायची, पांघरूण घ्यायचं, आणि कपाळावर दमट घाम फुटला की त्याचं काम झालं. त्याच ग्रंथात केइशितो नावाच्या सौम्य योगावर गरम पातळ पेज प्यायला सांगितली आहे. आजारपणात पेज हे काही फक्त कोकणाने शोधलेलं नाही.

जपानी विनोदी कथाकथनात एक वैद्य येतो. डोकं दुखतं? काक्कोन्तो घ्या. पोट दुखतं? काक्कोन्तो घ्या. तुम्ही कोण? मी सोबत आलोय. बसून बसून कंटाळला असाल, तुम्हीही काक्कोन्तो घ्या! अडीचशे-तीनशे वर्षांत या वैद्याचा वंश बुडालेला नाही. तुम्ही बुधवारी गेलात तेव्हा तापाला तिसरा दिवस होता आणि तुम्हीच लिहिलंय की मंगळवारपासून रात्री टी-शर्ट भिजतोय. म्हणजे काक्कोन्तोची गाडी सोमवारीच सुटली. वर लॉक्सोनिन, म्हणजे एक औषध अंग तापवून घाम काढणार आणि दुसरं ताप पाडणार. सोमवारी सकाळी हे दोन्ही बरोबर घेणं म्हणजे एकाने चूल पेटवायची आणि दुसऱ्याने पाणी ओतायचं. आता तर चुलीचीच गरज नाही. उरलेला कोरडा, उबळीचा खोकला असेल तर बाकुमोन्दोतो जास्त शोभेल, पण तेही फोनवर डॉक्टरांनाच विचारा.

काक्कोन्तोने सर्दी लवकर बरी होते का? भक्तांना आवडणार नाही, पण पुरावा पातळ आहे. जपानमध्येच २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत सर्दी बळावू न देण्यात काक्कोन्तो आणि दुकानात मिळणारी साधी सर्दीची गोळी यांत फरक दिसला नाही. माओतोची कहाणी थोडी बरी: इन्फ्लूएन्झात ताप उतरायला ओसेल्टामिविर या फ्लूच्या औषधाइतकाच वेळ लागल्याचं छोट्या चाचण्यांत दिसलंय. छोट्या, हा शब्द विसरू नका. मी स्वतः पहिल्या थंडीला काक्कोन्तो घेते. बरं वाटतं. त्यातला वाटा पुडीचा किती आणि गरम पाणी नि पांघरुणाचा किती, हे मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

बरं, दोन्ही खरोखर लागली तर? मायकोप्लाझ्मासाठी अँटिबायोटिक आणि खोकल्यासाठी बाकुमोन्दोतो, हे रास्त उदाहरण. तेव्हा टक्कर कुठे होते हे बघायचं. 'दोन तासांचं अंतर' हा सरसकट मंत्र आहे. तो एकाच टकरीला उपयोगी पडतो.

ती टक्कर दगडाशी आहे. काही योगांत सेक्को, म्हणजे जिप्सम असतं. मा-क्यो-कान-सेकी-तो हा दम्यासारख्या खोकल्याचा योग, घसा सुजल्यावर देतात तो शोसाइकोतो-का-किक्यो-सेक्को, सायनसवरचा शिन-इ-सेइहाइतो, सगळ्यांत आहे. जिप्सम म्हणजे कॅल्शियम. लेव्होफ्लॉक्सासिनसारखी क्विनोलोन आणि टेट्रासायक्लिन गटातली औषधं कॅल्शियमला चिकटतात आणि मग शोषली जात नाहीत. काढ्यात उतरणारं कॅल्शियम फार नसतं, पण अंतर ठेवायला पैसे पडत नाहीत. आधी अँटिबायोटिक, मग निदान दोन तासांनी काम्पो. तुमच्या दोन औषधांत ही भानगड नाही: काक्कोन्तोत दगड नाही आणि क्लॅरिथ्रोमायसिन कॅल्शियमच्या वाटेला जात नाही. काम्पो उपाशीपोटी, गोळी जेवणानंतर, एवढं झालं की झालं.

दुसरी टक्कर आतड्यात, आणि तिला घड्याळ लावून उपयोग नाही. काम्पोतली बरीच द्रव्यं साखरेला बांधलेल्या रूपात येतात. ज्येष्ठमधातलं ग्लिसरायझिन, रेवंदचिनीतलं सेनोसाइड. ही गाठ आतड्यातले जीवाणू सोडतात तेव्हा औषध लागू पडतं. अँटिबायोटिकने ते जीवाणूच मारले तर गाठ कोण सोडणार? म्हणून रेवंदचिनीचा योग नेमाने घेणारी आजी अँटिबायोटिकच्या आठवड्यात तक्रार करते, 'या वेळची पुडी नकली आहे, पोट साफ होत नाही.' पुडी तीच असते. उलट एफेड्रिनला कुणाच्या मदतीची गरज नाही, ते सरळ शोषलं जातं. त्यामुळे अँटिबायोटिक चालू असताना काम्पोचा सौम्य भाग मंदावू शकतो आणि धडधड वाढवणारा भाग मात्र शाबूत राहतो. हे पुस्तकात एका वाक्यात संपतं, काउंटरवर मात्र रोज दिसतं.

तिसरी टक्कर हृदयाशी. तिचं नाव कान्झो, म्हणजे आपलं ज्येष्ठमध. विम्यातल्या योगांपैकी दर तिनात दोनाहून जास्त योगांत ते आहे. ज्येष्ठमध जास्त झालं की मूत्रपिंड मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम सोडून देतं. बीपी चढतं, पावलं सुजतात, हातापायांतली ताकद जाते. पोटॅशियम घसरलेल्या माणसाला क्लॅरिथ्रोमायसिन, अझिथ्रोमायसिन किंवा क्विनोलोन दिलं, तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो, कारण या औषधांचा स्वतःचाच कल तिकडे असतो.

काही वर्षांपूर्वी सत्तरीच्या एक बाई क्लॅरिथ्रोमायसिनची चिठ्ठी घेऊन आल्या. बोलता बोलता त्यांनी चहाची प्लास्टिकची बाटली माझ्यापुढे धरली, 'जरा उघडून देता का, हल्ली झाकण फिरत नाही.' मी त्यांची औषधांची वही, ओकुसुरी तेचो, मागितली. पायात गोळे येतात म्हणून एका क्लिनिकातून शाकुयाकु-कान्झोतो, रोज तीन पुड्या, म्हणजे ६ ग्रॅम ज्येष्ठमध. खोकल्यासाठी दुसरीकडून बाकुमोन्दोतो, आणखी २ ग्रॅम. आता तिसऱ्या डॉक्टरांचं क्लॅरिथ्रोमायसिन. इथल्या पुड्यांच्या माहितीपत्रकात दिवसाला अडीच ग्रॅमपासून इशारे सुरू होतात. चिठ्ठीबद्दल शंका असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध द्यायचं नाही, असा इथे फार्मासिस्टवर कायदाच आहे. फोन केला. डॉक्टर पेशंट तपासताहेत, थांबा. थांबले. पुन्हा केला. त्यांनी क्लॅरिथ्रोमायसिन रद्द करून त्याच दुपारी रक्त तपासलं: पोटॅशियम २.६. निरोगी माणसाचं साडेतीनच्या वर असतं. तिन्ही डॉक्टरांची चिठ्ठी आपापल्या जागी बरोबर होती. तिन्ही एकत्र बघणारं कुणी नव्हतं.

'जडीबुटीला साइड इफेक्ट नसतो' या समजुतीची जपानने मोजलेली किंमत याहून मोठी आहे. शोसाइकोतो हा योग यकृताच्या जुनाट व्हायरल आजारात देशभर दिला जायचा. १९९० च्या दशकात हिपॅटायटिस सी साठी इंटरफेरॉन आलं, आणि दोन्ही मिळून व्हायरसला नमवतील या आशेने ती एकत्र दिली गेली. तुमच्या प्रश्नातली तीच कोंडीची कल्पना. फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांच्या भिंतींना सूज आणणारा न्यूमोनिया दिसू लागला. १९९४ मध्ये ही जोडी निषिद्ध ठरली. तरी १९९६ च्या मार्चमध्ये आरोग्य मंत्रालयाला तातडीची सूचना काढावी लागली, कारण दरम्यान शोसाइकोतो घेणाऱ्यांपैकी १० जण दगावले होते. जुन्या काम्पो डॉक्टरांचं यावर म्हणणं असं की प्रकृती न बघता, आजाराच्या नावावर पुडी वाटली की हेच होतं. त्यात तथ्य आहे, पण सगळा दोष तिथे ढकलता येत नाही. आज काम्पो घेताना कोरडा खोकला, धाप आणि ताप नव्याने सुरू झाला तर आम्ही 'पुडी आधी थांबवा आणि आजच डॉक्टर गाठा' असं का सांगतो, त्याचं मूळ इथे आहे.

आता आई.

तुमच्या पुड्या त्यांना देऊ नका. एकही नाही. त्या पाहुण्या म्हणून आल्यात, इथला विमा नाही, डॉक्टरचं बिल डोळ्यांपुढे येतं, सगळं कळतं मला. पण हिशेब बघा. काक्कोन्तोच्या तीन पुड्यांत ३ ग्रॅम माओ, जे बीपी आणि नाडी वाढवतं, झोप उडवतं. शिवाय २ ग्रॅम ज्येष्ठमध. घरच्या काढ्यात चहाचा एक चमचा पूड म्हणजे आणखी दोन-तीन ग्रॅम, आणि त्या दिवसातून तीनदा घेत असतील तर गुणाकार तुम्हीच करा. बीपीच्या गोळीचं नाव तुम्ही लिहिलं नाही. स्ट्रिप हातात घ्या. नावाच्या शेवटी 'एच' असेल किंवा घटकांत हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन दिसलं, तर ती गोळी लघवीवाटे पोटॅशियम घालवते. म्हणजे ज्येष्ठमध आणि गोळी एकाच दिशेने ओढणार. घटकाचं नाव 'प्रिल'ने संपत असेल, रामिप्रिल, एनालाप्रिल, तर खोकला त्या गोळीचाच असू शकतो, आणि मग काढ्याने काय होणार? ॲम्लोडिपिन किंवा कोलेस्टेरॉलची ॲटोर्वास्टॅटिन असेल, तर तुमचं उरलेलं क्लॅरिथ्रोमायसिन त्यांच्या जवळही नेऊ नका. ते यकृतात या गोळ्यांचा निचरा अडवतं, बीपी धाडकन खाली येऊ शकतं, स्नायूंना इजा होऊ शकते.

आज रात्री त्यांना दम लागत असेल, बोलताना वाक्य तुटत असेल, ऑक्सिमीटरवर ९३ किंवा त्याखाली दिसत असेल, किंवा त्या गोंधळल्यासारखं बोलत असतील, तर वाट बघू नका, ११९ फिरवून ॲम्ब्युलन्स बोलवा. नक्की कळत नसेल तर टोकियोत #७११९ ला फोन करून विचारता येतं, शेजारच्या जपानी माणसाला सोबत घ्या. यातलं काही नसेल तर उद्या सकाळी घराजवळचं साधं क्लिनिक गाठा, प्रवास विम्याचे कागद बरोबर न्या आणि रक्तात पोटॅशियम बघायला सांगा. पावलांवर बोटाने दाबून खळगा पडतो का तेही बघून ठेवा.

काढा त्यांना हवाच असणार, साताऱ्याची बाई काढ्याशिवाय थांबायची नाही. आलं, गवती चहा, चार मिरे, गूळ घाला. मधुमेह असेल तर गूळ नको. ज्येष्ठमध तेवढं डब्यात राहू द्या. फार्मसीत त्यांच्या नावाची नवी वही मागून घ्या. पहिल्या पानावर गोळ्यांची नावं लिहा आणि त्याखाली 'कान्झो, घरचा काढा, रोज', किती दिवसांपासून तेही. काउंटरवर माझ्यासारखं जे कोणी असेल, त्याला पुढचं विचारायला तेवढं पुरेल.